सात वेढ्यांचा जोड

माझ्या पर्समध्ये टेस्टर असतो. लग्नाला गेले की आधी मांडवाच्या लोखंडी खांबाला टेस्टर लावते, मग नवरानवरीवर अक्षता टाकते. नणंदेनं एकदा तोंडावर सांगितलं, वहिनी, चारचौघांत बरं दिसत नाही ते. म्हटलं, खांबाला चिकटलेला पाहुणाही बरा दिसत नाही. तेव्हापासून कार्यात ती मला मांडवापासून लांब बसवते.

संशयी आहे मी, लपवायचं कशाला? कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघते. डॉक्टरांचा रिपोर्ट त्यांच्यासमोर वाचते आणि वरून प्रश्न विचारते. नवरा म्हणतो, तू यमाकडेही ओळखपत्र मागशील. तो जळगावजवळच्या असोद्याचा, केळीवाल्या घरातला, सिव्हिल इंजिनिअर. त्याचा सगळ्यांवर विश्वास. सव्वीस वर्षं आम्ही दोघांनी परदेशात नोकरी केली, तो इमारती उभ्या करायचा, मी त्यांत वीज आणायचे. आता असोद्यात, गावाबाहेरच्या मळ्यात राहतो. पण माझा हा स्वभाव परदेशातला नाही, आणि जन्माचाही नाही. तो साक्रीकडच्या एका खांबाखाली सुरू झाला.

वडील वीज खात्यात वायरमन होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. साक्रीच्या पुढे डोंगराकडे एक वस्ती होती, तिथे वीज नुकतीच आली होती. वस्तीच्या टोकाला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. समोरच्या खोलीत नानांचे जोडीदार राहायचे, त्यांच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. मी त्यांना काका म्हणायचे. एकटे होते, जेवायला आमच्याकडेच असायचे. आईनं केलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर त्यांचा हक्क माझ्याआधी होता.

कामाची रीत ठरलेली होती. एकानं डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीजवळ उभं राहायचं आणि फ्यूज काढून लाइन बंद करायची. दुसऱ्यानं खांबाखाली थांबायचं. बंद करणाऱ्यानं लांबून टॉवेल हलवला की खांबावरच्यानं चढायचं. पण चढण्याआधी नाना तारांवर एक लोखंडी साखळी फेकायचे. तारेत जीव असेल तर तिथेच भडका उडायचा, माणूस वाचायचा. मी विचारलं होतं, काकांनी टॉवेल हलवला ना, मग साखळी कशाला? तेव्हा ते आमच्या अहिराणीत म्हणाले, "तार मरेल शे आसं देव जरी सांगे, तरी इस्वास ठेवू नको."

तार जोडायलाही त्यांनीच शिकवलं. दोन टोकं सोलायची, एकमेकांवर ठेवायची आणि बरोब्बर सात वेढे द्यायचे. सहा दिले तर सुटतो, आठ दिले तर तार दुखावते, असं त्यांचं म्हणणं. त्याला शास्त्राचा काही आधार नाही, हे मला पुढे कॉलेजात कळलं. तरी हात सातवरच थांबतो.

त्या वस्तीत वीज जायची फार. कधी वस्तीची डीपी बंद, कधी नदीकडच्या विहिरींची. सगळीकडे रॉकेलच्या चिमण्या पेटायच्या. फक्त आमच्या घरातला माझ्या अभ्यासाचा दिवा कधी जात नसे. मैत्रिणी जळायच्या. मला वाटायचं, वायरमनच्या पोरीचा दिवा जाईलच कसा? मोठी ऐट होती मला त्याची.

मी दहावीत होते. दुपारी वारा सुटला आणि आमच्या घरामागच्या खांबावरची तार सुटली. नाना खांबाखाली गेले, काका डीपीकडे. मी अंगणात गोधड्या गोळा करत होते. काकांनी टॉवेल हलवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. काम एवढंएवढंसं होतं, आभाळ भरून आलं होतं. नानांनी साखळी खांद्यावरून काढली नाही. ते तशीच घेऊन चढले.

पुढचं लिहीत नाही. ते खाली आले तेव्हा साखळी खांद्यावरच होती.

चौथ्या दिवशी धुळ्याहून साहेब चौकशीला आले. मी आईच्या मागे उभी होते. कुणी मला विचारलं नव्हतं, पण मी पुढे झाले आणि सांगितलं, मी पाहिलं, काकांचा हात डीपीत होता, त्यांनीच लाइन चालू केली. हात डीपीत होता हे खरं. चालू करताना पाहिलं हे खोटं. पण दुसरं कोण करणार? तिथे दुसरा माणूसच नव्हता. साहेबांनी काकांकडे बघितलं. काका एवढंच बोलले की मी टॉवेल हलवला म्हणून नानांनी साखळी टाकली नाही. बाकी मान खाली. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का? मी मनात म्हटलं, पकडला गेला.

आणखी एक गोष्ट मनात ठेवली होती. साहेब यायच्या आदल्या दिवशी काका शिडी घेऊन आमच्या क्वार्टरच्या मागे काहीतरी करत होते. त्या दिवसापासून आमचा दिवाही सगळ्यांसारखा जायला लागला. म्हणजे बाप नेला आणि वर उजेडही नेला. या गोष्टीसाठी मी त्यांना त्या चुकीपेक्षा जास्त शिव्या दिल्या असतील.

चूक काकांची ठरली. त्यांची बदली झाली, बढती कायमची थांबली. नानांचा मृत्यू कामावर, दुसऱ्याच्या चुकीनं झाला म्हणून आईला धुळ्याच्या ऑफिसात शिपायाची नोकरी मिळाली. तिच्या जोरावर मी शिकले. काका दोनदा आमच्याकडे आले. दोन्ही वेळा मी दार लावून घेतलं. आई आतून म्हणाली, असू दे गं. मी म्हटलं, असू देणार नाही.

इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला मी गेले ती याच हट्टानं, की पुन्हा कुणाच्या टॉवेलवर कुणाचा जीव टांगायला नको. वर्गात मुलगी मी एकटी. प्रॅक्टिकलला मुलं मला मोटरपासून लांब उभं करायची, शॉक बसेल म्हणून. मी त्यांच्याच जोडण्या तपासून त्यांच्या चुका सरांना दाखवायचे. मैत्री कुणाशी झाली नाही, पण त्या प्रयोगशाळेत त्या वर्षी एकही फ्यूज उडाला नाही.

लग्नानंतर दोघंही मस्कतला गेलो. नवऱ्याला कंपनीनं बोलावलं होतं, मला कुणीच नाही. मुलाखत घेणाऱ्यानं कागद बाजूला ठेवून विचारलं, इथे साइटवर बाई म्हणून काय करणार? मी म्हटलं, तुमच्या माणसांवर संशय घेणार. तो हसला. त्याला गंमत वाटली असावी. सुरुवातीला नकाशे तपासायला बसवलं. दोन महिन्यांत मी इतक्या चुका काढल्या, की नकाशे काढणारे वैतागले आणि त्यांनीच मला साइटवर पाठवायची मागणी केली.

साइटवर एक रीत होती आणि ती बघून मला नानांची इतकी आठवण झाली, की डोळे भरून आले. ज्याला काम करायचं, त्यानं स्वतःचं कुलूप मुख्य स्विचला लावायचं आणि किल्ली स्वतःच्या अंगावर ठेवायची. त्याचं काम संपून तो कुलूप काढेपर्यंत जगात कुणी ती वीज चालू करू शकत नाही. टॉवेल नाही, शब्द नाही, फक्त किल्ली. मी माझी किल्ली मंगळसूत्रात ओवली. सुट्टीला असोद्याला आले की बायका मंगळसूत्र हातात घेऊन बघायच्या आणि एकमेकींकडे बघायच्या. सासूबाई म्हणायच्या, तिकडचा दागिना आहे तो.

तिथले फोरमन, मजूर, सगळे मला वैतागले होते. एक मल्याळी फोरमन होता, पंधरा वर्षांच्या अनुभवाचा, कामाला पक्का. एकदा त्यानं सांगितलं, मॅडम, सगळं बंद आहे, माझं कुलूप लावलंय. मी म्हटलं, मी बघेन. तो चिडला, सगळ्यांसमोर हेल्मेट काढून ठेवलं. मी मीटर लावला, तर केबल जिवंत. वरून बंद होती, पण शेजारच्या बांधकामाचा जनरेटर कुणीतरी चुकीचा जोडला होता आणि वीज उलटी, मागच्या दारानं येत होती. फोरमननं हेल्मेट परत घातलं. त्यानं माझ्यासाठी स्वतः चहा आणला आणि पुढची अकरा वर्षं तो मला विचारल्याशिवाय दिव्याचं बटणही दाबायचा नाही. माझी सगळी नोकरी त्या एका केबलवर उभी राहिली. मोठी कामं मिळाली, हाताखाली माणसं आली. परदेशात लोक मला घाबरायचे आणि मला ते आवडायचं.

त्या दिवशी एक विचार मात्र मनात आला होता. नानांच्या खांबावरही वीज अशी मागून आली असेल तर? मी तो लगेच झटकून टाकला. आमच्या त्या वस्तीत जनरेटर कुठला? गिरणीसुद्धा डिझेलवर होती. आणि खोटं कशाला सांगू, काकांवरचा राग सोडला असता तर मी कुणावर रागावायचं होतं? राग ठेवायला माणूस लागतो.

निवृत्त होऊन आलो आणि माझा स्वभाव असोद्याला नडायला लागला. इथे घरांना गावठाणाची लाइन वेगळी, मोटरींना शेतीची वेगळी, दोन्ही आपापल्या वेळी येतात. केळीला पाणी हवं म्हणून लोक तीन फेजची मोटर कंडेन्सर लावून दोनवर चालवतात. कोण काय कशाला जोडेल, नेम नाही. मी मळ्यात फिरताना लोकांच्या पेट्या उघडून बघायचे. शेजारचे भाऊ दिसले की म्हणायचे, आली चौकशी.

गेल्या वैशाखात वारा सुटला आणि शेतीची तार तुटली. तुटलेल्या जागेपासून पुढे तीनच जोडण्या होत्या. शेजारच्या भाऊंची विहीर, एका मारवाडी शेठजींचं केळी पिकवायचं गोदाम आणि शेवटी आमची मोटर. वायरमन आला, चाळिशीचा, शांत माणूस, दोन मुलींचा बाप. त्यानं डीपीवरून लाइन बंद केली, येऊन तुटलेल्या तारेच्या खांबाला शिडी लावली आणि पाय ठेवला. शिडी, खांब, भरून आलेलं आभाळ. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी त्याचा शर्ट धरून खाली ओढला.

लोंबणाऱ्या तारेला लांब काठीवरून मीटर लावला. तार जिवंत होती.

वायरमनचा चेहरा उतरला. तो म्हणाला, अक्का, मी स्वतः बंद केलं, आईची शपथ. मी म्हटलं, मला माहीत आहे, यांच्यापैकी कुणीतरी उलटा करंट सोडतंय. माझा सगळा संशय शेठजींच्या गोदामावर होता, कारण तिथे मोठा जनरेटर. मी तिथे गेले आणि चार हमालांसमोर त्यांना नको ते बोलले, तुमच्या केळ्यांपायी दोन पोरी पोरक्या होतील म्हणाले. शेठजींनी वाद घातला नाही. पेटी उघडून दाखवली. त्यांचा चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी एकाच बाजूची वीज घेणारा, माझ्या मस्कतच्या साइटवर शोभला असता इतका नीट होता. मी तरी त्यांची जोडणी काढायला लावली. तार जिवंतच. मग भाऊंची काढली. भाऊ तोंडाला येईल ते बोलले, ते मी ऐकून घेतलं. तार जिवंतच.

वायरमन घाम पुसत हळूच म्हणाला, "अक्का, आता तुमचंच राहिलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं? माझ्या घरचा इन्व्हर्टर मी स्वतः बसवला होता, एकेक तार स्वतः तपासली होती. तो घराला वीज देतो, मोटरीशी त्याचा काय संबंध? रागारागानं मोटरीच्या खोलीत गेले आणि फ्यूज ओढला. बाहेरून वायरमन ओरडला, गेली.

घरची वीज मोटरीच्या खोलीत आली कशी, ते शोधत मी जुन्या गोठ्यात गेले. आता तिथे ठिबकच्या नळ्या ठेवतो. आढ्याला एक काळी पडलेली पट्टी दिसली. नखानं ती सोलली आणि मोजले. सात वेढे.

आठवलं. पंचवीस वर्षांपूर्वी मी सुट्टीला आले होते. गाय व्यायला झाली होती आणि गोठ्यात अंधार. सासूबाई म्हणाल्या, इंजिनिअर सून असून माझ्या गायीला उजेड नाही. गोठ्यात घरची एक तार यायची आणि मोटरीकडची एक. कुठलीतरी एक लाइन चालू असतेच, म्हणून मी दोन्ही फेज एकच आहेत हे बघून दोन्ही तारा एकत्र जोडल्या. आजच्यापुरतं, उद्या जळगावहून नीट स्विच आणते, असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी मस्कतहून फोन आला आणि मी गेले. फेज एकच असल्यानं कधी ठिणगी उडाली नाही, कुणाच्या लक्षात आलं नाही. आता मी घराला इन्व्हर्टर लावला, तेव्हा सगळं घर तपासलं. गोठा तपासला नाही. जगातल्या सगळ्या तारांवर संशय घेतला, माझ्या स्वतःच्या जोडावर घेतला नाही.

वायरमननं तार जोडली, पाणी प्यायला आणि माझ्या पाया पडून गेला. मी त्याला काही सांगू शकले नाही. संध्याकाळी शेठजींकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी फणीभर केळी दिली, ती घेताना लाज वाटली.

आठवडाभर मला जेवण गेलं नाही. काकांनी लाइन बंद केली होती. या वायरमननं केली होती तशीच, नीट, प्रामाणिकपणे. कुणाच्या तरी घरातून वीज मागून आली असणार. आणि मी पन्नास वर्षं एका माणसाला खुनी म्हणत राहिले. काका जिवंत आहेत आणि धुळ्याला देवपुरात मुलाकडे असतात, हे चुलतभावाकडून कळलं. नवरा म्हणाला, मीही येतो. मी म्हटलं, नको. जळगावहून एसटीनं एकटीच निघाले. अख्ख्या वाटेत काय बोलायचं ते पाठ करत होते.

काका खाटेवर चहा घेत बसले होते. पंचाऐंशीच्या पुढचे, अंगात काही उरलं नव्हतं. मला ओळखलं आणि सरकून जागा दिली. मी पाठ केलेलं सगळं विसरले. मी खोटं बोलले होते, तुम्हाला चालू करताना पाहिलं नव्हतं, एवढं सांगितलं आणि मग गोठ्याची सगळी हकिकत सांगितली. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, वायरमनला काही लागलं नाही ना? नाही म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले.

आता तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण खोड जात नाही. मी विचारलं, मग वस्तीत तो जोड कुणाच्या घरात होता? ते म्हणाले, जाऊ दे. त्यांनी ज्या घाईनं जाऊ दे म्हटलं, त्याच घाईनं माझी पाल पुन्हा चुकचुकली. माहीत आहे यांना. मी हिशेब मांडायला लागले, इतकी वर्षं साइटवर मांडायचे तसा. जनरेटर नव्हता. म्हणजे वीज दुसऱ्या डीपीकडून आली. वस्तीची डीपी बंद, पण नदीकडची चालू. दोन्हींच्या तारा पोचतील असं वस्तीच्या टोकाला एकच घर होतं. एकच घर, ज्यातला दिवा कधी जात नसे, वस्तीची लाइन गेली तरी, नदीची गेली तरी.

कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडात घरची बोली आली. "काका, आमना दिवा व्हता का तो?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्ही शिडी लावून तोडला तो."

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तू शिकी राहिंती. तुले सांगतू ते तू परत दिवासमोर बसती का?"

नानांनी माझ्या अभ्यासासाठी दोन लाइनी जोडल्या होत्या. सात वेढे. देवावरही विश्वास न ठेवणारा माणूस स्वतःचा जोड विसरून खांबावर चढला. तो जोड साहेबांना सापडला असता तर चूक नानांची ठरली असती, आईला नोकरी मिळाली नसती, आणि माझा बाप माझ्या दिव्यानं गेला हे मला पंधराव्या वर्षी कळलं असतं. म्हणून हा माणूस मान खाली घालून उभा राहिला. माझं कॉलेज, मस्कत, मंगळसूत्रातली किल्ली, ते सगळं त्या खाली घातलेल्या मानेवर उभं होतं. आणि मी त्यांच्या तोंडावर दोनदा दार लावलं होतं.

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तसाच राहू दिला.

आवाज ऐकून सून आतून आली. घाबरून विचारलं, बाबा, या कोण?

"मन्हा दोस्तनी पोर शे," काका म्हणाले. "मोठी इंजिनेर शे."

मला मान वर करता आली नाही.